मला धरून पाच

"काउंट ऑन मी."

एका रविवारी सगळ्यांनी मिळून म्हैसूरहून नंजनगूडला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या आतेबहिणीच्या मुलानं फोनवरच्या ग्रुपात हे तीन शब्द टाकले. त्या तीन शब्दांनी अकरा माणसांना दुपारपर्यंत उपाशी ठेवलं.

झालं ते असं. बहिणीचं घर आणि तिच्या कन्नड शेजाऱ्यांचं घर, अशी दोन घरांची सहल. दोन्ही घरांना चालेल अशी भाषा इंग्रजी, म्हणून ग्रुपातलं लिहिणंही इंग्रजीत. शेजारच्या बाईंनी विचारलं, रविवारच्या जेवणाचं काय करायचं? भाच्याला म्हणायचं होतं, 'मलाही धरा', म्हणजे जेवायला मी आहे. बाईंनी वाचलं, 'माझ्यावर सोडा', म्हणजे जेवणाचं मी बघतो. हल्लीची मुलं किती जबाबदार, असं म्हणून त्यांनी चित्रान्नाचा बेत रद्द केला. कपिला नदीच्या काठी सतरंजी पसरल्यावर सगळे भाच्याकडे बघायला लागले आणि भाचा बाईंच्या पिशवीकडे. त्यानं 'काउंट मी इन' लिहिलं असतं तर डबा आला असता.

फरक एवढाच, 'इन' की 'ऑन'. इंग्रजीत क्रियापद तेच राहतं आणि मागे लागलेला चिमुकला शब्द त्याचा पार कायापालट करतो. याला शाळेत फ्रेजल व्हर्ब म्हणायला शिकवतात आणि पाठ करायला एक लांबलचक यादी देतात. यादी पाठ होते, पण ऐन वेळी 'इन'च्या जागी 'ऑन' बाहेर पडतो. माझ्या मते याचं कारण पाठांतर कमी पडतं हे नसून आपण ते शब्द आपल्या मोजण्याशी ताडून बघत नाही हे आहे. मराठीही मोजण्याच्या एका क्रियापदातून डझनभर अर्थ काढते. फक्त ती ते वेगळ्या अवजारानं काढते.

तर भुकेलेले अकरा जण. देवळाच्या रस्त्याला रसबाळे केळी घेऊन एक बाई बसल्या होत्या. नंजनगूडचं रसबाळे म्हणजे बोटभर लांब, पातळ सालीचं, घमघमणारं केळं. त्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण पनामा रोगानं बागा इतक्या बसल्या की अस्सल फळ दुर्मिळ झालंय. शेजारच्या बाईंनी दोन डझन मागितली आणि म्हणाल्या, "एणिसि कोडि." विक्रेतीनं फण्यातून केळी सुटी करत मोजली आणि हातात देताना उलट म्हणाली, "एणिसि नोडि."

मी कान टवकारले. 'एणिसि कोडि' म्हणजे शब्दाला शब्द 'मोजून द्या' आणि 'एणिसि नोडि' म्हणजे 'मोजून पाहा'. घराणी वेगळी असूनही मराठी आणि कन्नड इथे एकाच पद्धतीनं चालतात. मोजण्याच्या क्रियापदाला आपण दुसरं क्रियापद जोडतो. पैसे मोजून घे म्हटलं की ते माझ्या हातातून तुझ्या हातात येतायत. मोजून दे म्हटलं की तुझ्या हातून जातायत. मोजून ठेव, म्हणजे उद्या लागणार आहेत. मोजून टाक, म्हणजे एकदाची ब्याद जाऊ दे. मोजून पाहा, म्हणजे मला थोडा संशय आहे. घेणं, देणं, ठेवणं, टाकणं ही सगळी हाताची कामं. आकडा तोच, पण हात काय करतोय ते मराठी सांगते.

इंग्रजीचं लक्ष हातापेक्षा जागेवर असतं. आत, बाहेर, वर, खाली. एक वर्तुळ आखलंय अशी कल्पना करा. 'काउंट मी इन', मला मोजा आणि वर्तुळाच्या आत ठेवा. 'काउंट मी आउट', मला बाहेर ठेवा. मराठीत हेच वर्तुळ मुठीचं होतं. मला धरा, मला सोडा. 'आम्ही किती? मला धरून पाच.' 'तुला सोडून चार.' सहलीला, पंगतीला, वर्गणीला, सगळीकडे आपण माणसं धरतो आणि सोडतो. आणि ज्याचं धरणं-सोडणं ठरत नाही, त्याच्या वागण्याला धरसोड म्हणतो. परीक्षेत तोंडी परीक्षेचे गुण 'धरले' जातात, नोकरीत आधीची वर्षं 'जमेस धरली' जातात. इंग्रजीत इथे 'काउंट टुवर्ड्स' येतो. तेव्हा 'मला धरा' हे मनात आलं की 'इन' लिहायचं. भाच्याला एवढंच सांगितलं असतं तर पुरलं असतं.

मग 'ऑन'चं काय? इथे मात्र इंग्रजी आणि मराठी एका ओसरीवर येऊन बसतात. आपण माणसावर विसंबतो, त्याच्यावर भिस्त ठेवतो, त्याच्यावर भरवसा टाकतो. प्रत्येक ठिकाणी 'वर'. इंग्रजीतला 'ऑन' हाच तो 'वर'. आपला भार दुसऱ्यावर टाकलेला असतो. 'काउंट ऑन मी', तुझा भार माझ्यावर टाक. आणि म्हणूनच शब्दांचा क्रमही वेगळा. 'काउंट मी इन' आणि 'काउंट मी आउट' यांत माणूस मधे बसतो. 'काउंट ऑन'मध्ये माणूस 'ऑन'च्या मागेच येतो. 'काउंट मी ऑन' असं कुणी म्हणत नाही, कारण 'वर' म्हटल्यावर कशावर ते लगेच सांगावं लागतं. आपला 'वर' तर नामाला चिकटूनच राहतो, 'माझ्यावर'. फक्त त्याची जागा उलटी, नामाच्या मागे. बोलतानाचा जोरही ऐकून ठेवण्यासारखा आहे. 'काउंट मी इन' म्हणताना 'इन'वर जोर पडतो. 'काउंट ऑन मी'मध्ये तो 'काउंट'वर पडतो आणि 'ऑन' जवळजवळ गिळला जातो.

आता कुणी तरी म्हणेल, मग 'मी तुझ्यावर मोजतो' असं का नाही म्हणायचं? नाही म्हणायचं. मराठीत डब केलेल्या सिनेमात 'तू माझ्यावर मोजू शकतोस' ऐकलं की ते अंगावर मोजमाप काढणाऱ्या शिंप्याचं वाक्य वाटतं. मराठीत भरवशाला मोजणं लागत नाही. उलट खरा भरवसा असला की आपण नोटा न मोजताच खिशात घालतो.

नंजनगूडला या सगळ्याला एक वेगळीच चव येते, ती 'हुंडी' या शब्दामुळे. कर्नाटकात हुंडी म्हणजे देवळातली दानपेटी. श्रीकंठेश्वराच्या देवळातल्या हुंड्या ठरावीक काळानं उघडतात आणि 'हुंडी एणिके'ची, म्हणजे हुंडीच्या मोजणीची, बातमी कन्नड पेपरात येते. रक्कम कोटीच्या घरात गेल्याच्या बातम्या मी अनेकदा वाचल्यात. नोटांच्या थप्प्या वेगळ्या, नाणी वेगळी, सोन्याचांदीचे ग्राम वेगळे, बाहेरच्या देशांच्या नोटा वेगळ्या. आणि चलनातून बाद झालेल्या नोटाही, कुणी तरी गुपचूप देवाच्या गळ्यात मारलेल्या. त्या मोजल्या जातात पण धरल्या जात नाहीत. मराठीत हे एका दमात सांगता येतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'काउंट'च येतो, 'दे आर काउंटेड, बट दे डोन्ट काउंट'. गिनती आणि किंमत हे दोन्ही अर्थ तिथे एकाच शब्दात आहेत. आपल्याकडेही 'तो कुणाला मोजत नाही' म्हटलं की प्रश्न आकड्याचा नसून मानाचा असतो, आणि खिजगणतीत नसलेला माणूस जनगणनेत मात्र असतोच.

मराठी माणसाला मात्र हुंडी म्हटलं की पेटी आठवत नाही. पेढी आठवते. एका गावच्या सावकारानं दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला कागद, की या माणसाला इतके रुपये द्यावेत. दाखवताच पैसे मिळाले तर दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. पेशवाईत फौजेच्या खर्चाचा पैसा गावोगाव असा कागदांवरून फिरत असे, कारण थैल्या उंटावर लादून नेण्यात लुटीचं भय. आणि भाषा बघा, हुंडी पेढी'वर' काढायची. इंग्रजीतही ती 'ऑन' काढतात. नाणी न मोजता मोजल्यासारखीच धरायची, ती केवळ समोरच्या नावावर भार टाकून. 'काउंट ऑन'चं याहून चांगलं चित्र मला सुचत नाही. कन्नड हुंडीत मोजणं आहे आणि मराठी हुंडीत भरवसा. इंग्रजीचा एक 'काउंट' दोन्हीकडे पुरतो.

याच मुलखात 1791 साली मराठ्यांवर एका इंग्रजानं अशी हुंडी काढली होती आणि ती मुदतीत वटली नाही. लॉर्ड कॉर्नवॉलिस, टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धातला इंग्रजांचा सेनापती. मार्चमध्ये त्यानं बंगळूर घेतलं आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणवर चालून आला. पुण्याहून हरिपंत फडके आणि धारवाडचा वेढा आटोपून परशुरामभाऊ पटवर्धन आपल्याला येऊन मिळतील, असा त्याचा हिशेब होता. इंग्रजीत सांगायचं तर 'ही काउंटेड ऑन द मराठाज'. 15 मे रोजी अरकेरेजवळ लढाई झाली, ती त्यानं जिंकलीसुद्धा. पण पुढे काय? पाऊस लागला. तोफा ओढणारे बैल मरायला लागले. छावणीत तांदूळ संपत आला. मराठ्यांची काही बातमी नाही. टिपूच्या स्वारांनी मधल्या वाटा इतक्या कडेकोट रोखल्या होत्या की इकडची चिठ्ठी तिकडे पोचत नव्हती.

इथे त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ कामाला येतो. 'ही हॅडन्ट काउंटेड ऑन द रेन', पावसावर त्याची भिस्त नव्हती असा त्याचा अर्थ नाही. पाऊस येईल हे त्यानं धरलं नव्हतं. माणूस असेल तर 'काउंट ऑन' म्हणजे विसंबणं. घटना असेल, आणि विशेषतः वाक्य नकारी असेल, तर त्याचा अर्थ 'धरून चालणं' किंवा 'हिशेबात घेणं'. पाहुणे येतील हे धरलं नव्हतं, गाडी लेट होईल हे धरलं नव्हतं. मराठीतून इंग्रजी शिकवताना हा अर्थ नेमका गळतो.

कन्नंबाडीला, म्हणजे आज जिथे कृष्णराजसागराचं धरण आहे त्या भागात, कॉर्नवॉलिसनं 22 मेच्या सुमारास आपल्या वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच फोडून टाकल्या आणि माघारीचा हुकूम दिला. मराठ्यांना त्यानं हिशेबातून काढलं होतं, 'ही हॅड काउंटेड देम आउट'. आणि परतीच्या वाटेवर घोडेस्वार दिसले. आधी वाटलं टिपूचेच. बंदुका सरसावल्या गेल्या. मग कळलं, हे तर फडके-पटवर्धनांचं सैन्य, काही दिवस उशिरानं आलेलं. मराठ्यांच्या छावणीबरोबर चालता बाजार होता आणि त्यात धान्य भरपूर. भुकेल्या इंग्रज फौजेला ते मिळालं, पण भाव चढे. मित्र झाला म्हणून काय झालं, दाम मोजून घेतले.

पुढच्या फेब्रुवारीत श्रीरंगपट्टणला वेढा पडला आणि 18 मार्च 1792 च्या तहात टिपूनं निम्मं राज्य आणि 3 कोटी 30 लाख रुपये द्यायचं कबूल केलं. निम्मी रक्कम, 1 कोटी 65 लाख, ताबडतोब. ती होनांत, मोहरांत, पूर्ण वजनाच्या रुपयांत किंवा सोन्याचांदीच्या लगडीत चालेल असं तहातच लिहिलं होतं. बाकीची हप्त्यांनी. अशी रक्कम समोर मांडत मांडत मोजून देणं याला इंग्रजीत 'काउंट आउट' म्हणतात. नाणी थैलीतून बाहेर येतात म्हणून 'आउट'. पैसा 'काउंट आउट' केला तर तो दिला गेला, माणूस 'काउंट आउट' केला तर तो वगळला गेला. उरलेल्या हप्त्यांसाठी विजेत्यांनी टिपूच्या सहीवर भार टाकला नाही, त्याची दोन मुलं ओलीस ठेवून घेतली.

नंजनगूडच्या लोकांना मात्र टिपू वेगळ्या हिशेबात आठवतो. त्याच्या लाडक्या हत्तीचे डोळे इथल्या देवाच्या कृपेनं बरे झाले आणि त्यानं देवाला 'हकीम नंजुंड' म्हटलं, हिरव्या दगडाचं लिंग अर्पण केलं, असं इथे सांगतात. देवळात त्रेसष्ट शैव संतांच्या मूर्तींची रांग आहे. लहान मुलं ती मोजत जातात आणि बहुधा पन्नाशीत कुठेतरी चुकतात.

'काउंट आउट'चा मुष्टियुद्धातला अर्थ मराठीत आणताना मी नेहमी अडतो. खाली पडलेल्या गड्याला पंच दहा अंक मोजतो. तेवढ्यात उठला तर खेळ चालू, नाही तर तो 'काउंटेड आउट'. म्हैसूरच्या गरडीत काय किंवा कोल्हापूरच्या तालमीत काय, आपल्या कुस्तीत असं मोजणंच नाही. पाठ टेकली, चीत, संपलं. दहा अंकांची मुदत आपल्या आखाड्याला ठाऊक नसल्यामुळे 'त्याला इतक्यात मोडीत काढू नका' असं काही तरी म्हणून भागवावं लागतं. ब्रिटिश संसदेतही चाळीस सदस्य भरले नाहीत तर सभागृह 'काउंट आउट' होत असे. आपण त्याला 'गणपूर्तीअभावी तहकूब' म्हणतो. त्यात निदान 'गण' शिल्लक आहे.

'काउंट डाउन' आता मराठीच झालाय. रॉकेट सुटण्याआधी उलटे अंक म्हणण्याची पद्धत लोकांच्या डोळ्यांत भरली ती 1929 च्या 'फ्राउ इम मोंड' या फ्रिट्झ लांगच्या जर्मन मूकपटामुळे. शून्य आलं की स्फोट, हा ताण त्याला हवा होता. आपल्याकडे वेळ मोजायची ती सुलट. लग्नाच्या घटिकापात्रात भोकातून पाणी चढत जाई, वाटी बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं भरली. घटका भरायची, सरायची नाही. मात्र मरणाच्या दारातला माणूस 'शेवटच्या घटका मोजतो', तेव्हा ते मोजणं उलटंच असतं, इंग्रजीच्या आधीपासून.

शब्दांचं मूळ पाहिलं तर आणखी गंमत. 'काउंट' लॅटिनमधल्या 'कॉम्प्युतारे'पासून फ्रेंचमार्गे आलेला, कॉम्प्युटरचा सख्खा भाऊ. इंग्रजीचं मूळचं मोजण्याचं क्रियापद 'टेल' होतं. म्हणून बँकेत पैसे मोजणारा अजून 'टेलर' आहे. गोष्ट सांगणं आणि नाणी मोजणं एकाच शब्दात. कन्नड 'एणिसु'चाही दुसरा अर्थ मानणं, समजणं. फारसी 'शुमार' म्हणजे मोजणी. ती आपण खानेसुमारीत ठेवली, बेसुमारमध्ये ठेवली, आणि नुसत्या 'सुमार'चा अर्थ करून टाकला टाकाऊ. शिपायाच्या वहीतला शब्द शेवटी कवितेच्या परीक्षणात जाऊन पडला.

मतमोजणीचं तर म्हैसूरला माहेरच. 1937 साली नाल्वडी कृष्णराज वडेयरांनी इथे लाखेचा आणि रंगाचा कारखाना काढला. 1962 च्या लोकसभा निवडणुकीपासून बोटाला लागणारी न पुसणारी शाई तिथूनच देशभर जाते. एक माणूस दोनदा धरला जाऊ नये, एवढंच त्या ठिपक्याचं काम. नंजनगूडनं स्वतः 2017 च्या एप्रिलमधली गाजलेली पोटनिवडणूक पाहिली. काँग्रेसचे कळले केशवमूर्ती भाजपच्या श्रीनिवास प्रसादांपेक्षा 21 हजारांहून जास्त मतांनी पुढे निघाले. मोजणीआधीच गुलाल आणणारे दोन्हीकडे असतात. इंग्रज त्यांना म्हणतो, अंड्यातली पिल्लं आधी मोजू नका. आपण म्हणतो, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. इंग्रजाच्या म्हणीत मोजणं आहे, आपल्यात थेट भांडण.

संध्याकाळी परतीची वेळ झाली. घाटाच्या पायऱ्यांवर गर्दी होती, त्यामुळे भाच्यानं पुढाकार घेतला. सकाळची भरपाई करायची होती त्याला. बोट फिरवत तो मोजू लागला आणि दहावर थांबला. पुन्हा मोजलं, पुन्हा दहा. त्याची आई घाबरी झाली, नदी जवळ होती. शेजारचे काका हसायला लागले. त्यांना चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या 'पंचदशी'तला दृष्टान्त आठवला. दहा जण नदी ओलांडतात, प्रत्येक जण नऊच मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून सगळे रडत बसतात. मग वाटसरू सांगतो, दहावा तूच.

"अरे, स्वतःला धर की," बहीण म्हणाली.

भावोजी कॉलेजात एनसीसीत होते. त्यांनी सगळ्यांना पायऱ्यांवर ओळीत उभं केलं आणि खणखणीत हुकूम सोडला, "गिनती कर!" याला इंग्रजीत 'काउंट ऑफ' म्हणतात. यात दुसरा कुणी मोजत नाही, ज्यानं त्यानं आपला आकडा आपणच ओरडायचा. एक, दोन, तीन. भाचा सातवा होता, जरा जास्तच जोरात ओरडला. रांगेच्या टोकाला शेजारच्या बाई. हातात रसबाळ्यांच्या सालींची पिशवी होती.

"हन्नोंदु," त्या म्हणाल्या. अकरा.